नानांची नववी पायरी

आमच्या अमळनेरच्या गल्लीत सुकलालनाना शिंपी माफी मागायला निघाले की लोक दारं लावून घ्यायचे. धुतलेलं धोतर, डोक्यावर नीट बसवलेली टोपी, काखेत मापाची वही. दारात उभं राहून म्हणायचे, "मनं चुकनं. माफी द्या." मग काय चुकलं ते तपशीलवार सांगायचे. पंचाईत व्हायची ती तिथेच.

माझी पाळी सकाळी सात वाजता आली. मी दाढी करत होतो.

"मास्तर, तुमना लग्नाना कोटले आतला खिसा नहीं. वरून नुसती पट्टी शे. कोट शिवा तधळ मी पेयेल व्हतू."

चौदा वर्षं त्या खिशात फाउंटनपेन घालायची धडपड करून मी स्वतःलाच वेंधळा समजत आलो होतो. माफी दिली, दुसरं करणार काय? स्वयंपाकघरात बायको हसायला लागली ती पार दुपारपर्यंत हसत होती.

नानांनी बरीच वर्षं मन लावून दारू प्यायली होती. तो काळ दारूबंदीचा. म्हणजे दारू हवी तिथे मिळायची, फक्त तिचं नाव घ्यायचं नाही. सरकारदरबारी गावात दारू नव्हती, म्हणून दारुडेही नव्हते. आता नसलेल्या माणसाची दारू सोडवणार कोण? एका संध्याकाळी नानांनी कात्री भिरकावली. ती त्यांच्या बायकोच्या, गोदावरीअक्कांच्या, कानाजवळून गेली आणि दारात रुतली. अक्कांनी ती उपटली, मशीनवर ठेवली आणि धुळ्याची एस.टी. पकडून भावाकडे निघून गेल्या.

त्यानंतर काविळीनं नाना मुंबईच्या एका दवाखान्यात पडून होते. शेजारच्या खाटेवर कोणी गोवेकर गृहस्थ होते. त्यांनी नानांना दारू सोडायच्या बारा पायऱ्या पढवल्या. नानांनी त्या मापाच्या वहीत मागच्या पानावर उतरवून घेतल्या आणि परत आल्यावर थेंबाला शिवले नाहीत.

दारूपुढे आपलं काही चालत नाही हे कबूल करायचं, ही पहिली पायरी. ती सोपी गेली, कारण गावानं ते केव्हाच कबूल केलं होतं. पुढे, आपल्याहून मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःचा ताबा द्यायचा. नानांनी आधी मारुतीचा विचार केला. पण ब्रह्मचाऱ्याला बायकोचं गाऱ्हाणं काय कळणार, म्हणून ताबा आमच्या खानदेशच्या देवीकडे, कानबाईकडे गेला. तेव्हापासून सदरा कधी मिळेल असं विचारलं की नाना सुईत दोरा ओवत म्हणायचे, "माले काय इचारतस? ताबा तिना हातमा शे." कानबाईच्या हाती माझी एक विजार तीन महिने होती.

आठवी पायरी, आपण ज्यांचं वाईट केलं त्यांची यादी. मापाची वही असताना वेगळी यादी कशाला? छाती छत्तीस, कंबर बत्तीस, आणि पुढे बारीक अक्षरात गुन्हा. नववी पायरी म्हणजे जाऊन माफी मागायची. त्या पायरीवर अक्का होत्या. त्या घरी परत याव्यात एवढ्यासाठीच हा खटाटोप चालला आहे, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पण नाना म्हणायचे, आधी गावावर हात बसू द्या, मग धुळं.

हात बसवण्यापायी गावाचं मात्र कठीण झालं. दारूबंदी प्रचार सभेत अध्यक्षांचं भाषण रंगात आलं असताना नाना मंचावर चढले आणि हात जोडून म्हणाले, "सायेब, आपुन दोन्ही कापूसना जीनमांगे बसेल व्हतूत, तधळ तुमना पेलामातली मी पी टाकी. मनं चुकनं." अध्यक्ष पाणी प्यायला म्हणून उठले ते परत आलेच नाहीत. पिणारे नाना परवडले, असं लोक उघड बोलायला लागले. सत्य बोलणारा माणूस शेजारी असणं ही काय चीज असते, ते आम्हाला विचारा.

अखेर वहीतली नावं संपली. नाना म्हणाले, "मास्तर, संगे चला."

आम्ही धुळ्याला गेलो. अक्का ओट्यावर गहू निवडत होत्या. सबंध अमळनेरची एकही शब्द न अडखळता माफी मागितलेला माणूस तिथे नुसता उभा राहिला. टोपी काढली, पुन्हा घातली. शेवटी "मनं" एवढंच तोंडातून निघालं. "चुकनं" निघेना.

अक्कांनी वर पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

"मी तुमले माफ करं," त्या म्हणाल्या. "तुम्हीन दारू सोडी, माले समजनं. बरं वाटनं. पन मी घर येत नहीं. आठे, भाऊना घर, माले झोप लागस."

मग सूप बाजूला ठेवून त्यांनी आम्हाला भाकरी वाढली. नाना खाली मान घालून जेवले.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. मला सुचेल ते मी बडबडत होतो. माफी मिळाली हे काय थोडं झालं, वगैरे. अर्ध्या वाटेत एक फाटा लागतो. तिथे बाभळीखाली गावठी मिळते, हे कंडक्टरपासून सगळ्या बसला माहीत. बस थांबली, दोघं-तिघं घाईनं उतरले. नानाही उठून उभे राहिले.

त्यांना अडवायचा मला काय अधिकार? आणि आता ते कोणासाठी थांबणार होते?

नाना उभ्या उभ्या समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून होते. बोटं पांढरी पडली होती. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले,

"मास्तर, मना हात धरा. फाटा जाऊ द्या."

मी धरला. कंडक्टरनं दोनदा घंटी मारली. फाटा मागे गेला, नाना खाली बसले. अमळनेर येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही आणि मीही सोडवून घेतला नाही.