चिंचवड स्टेशनावरची मिठी

"माणूस ओळखण्यात माझा हात धरणारा अख्ख्या पिंपरीत कुणी नाही!" असं बायकोला ठणकावून सांगत मी वहाणा पायात सरकवल्या.

माझा गेनू येणार होता! चाकणच्या शाळेत आम्ही एकाच तरटावर बसून मास्तरांचा मार खाल्लेला. किल्ल्याच्या खंदकात एकाच म्हशीची शेपटी धरून पोहायला शिकलेलो. पुढं तो कोपरगावला साखर कारखान्यात गेला, मी पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात चिकटलो, आणि मधली वर्षं नुसती "येतो, येतो" म्हणण्यात गेली.

"इतक्या वर्षांनी ओळखाल का भावजींना?" बायकोनं विचारलं.

"पाठमोरा दिसला तरी ओळखीन!"

आणि स्टेशनावर खरंच पाठमोराच दिसला! गाडीतून उतरलेली ती बैलासारखी मान, ते पसरट खांदे! मी धावत जाऊन मागूनच मिठी मारली.

"लबाडा, आलास एकदाचा!"

तो हातपाय झाडायला लागला. बिचाऱ्याला भरून आलं असणार. मी मिठी सोडली तेव्हा तो खोकत म्हणाला, "आपण... न्यायला आलात?"

"मग कोण येणार? घरचंच माणूस येणार!"

हात धरून त्याला टांग्यात कोंबलं. किती बदलला होता! मिशा पिळदार, अंगावर कोट, बोलणं तोलून मापून. मी कोपरानं ढोसून विचारलं, "काय रे, म्हैस आठवते ना?"

तो सावरून बसला. "म्हशीचं काही बोलणं झालं नव्हतं. पण देत असाल, तर आमची ना नाही."

मी पोट धरून हसलो. गेनू लहानपणापासूनच मिस्कील!

घरी बायकोनं पाणी दिलं. तो खुर्चीत ताठ बसला आणि म्हणाला, "आता मुलीला बोलवा."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. चहासुद्धा न घेता आधी माझ्या लेकीची चौकशी! मी हाक मारली. आमची चिमी परकर सावरत, चिंच चोखत, पुढचे दोन दात पडलेल्या तोंडानं हसत आली.

"ही?" त्याचा आवाज चिरकला.

"हीच! एकुलती एक!"

"हिला स्वयंपाक येतो?"

"भातुकलीचा झकास करते!"

तो ताडकन उठला. "बालविवाहबंदीचा शारदा कायदा ठाऊक आहे का तुम्हाला? तुरुंगात घालीन एकेकाला!"

मी "अरे, अरे" करतोय तोच शेजारचे उद्धवराव पेढ्यांचा पुडा घेऊन आत शिरले. आमच्याच कारखान्यात कामाला. लेकीच्या लग्नाच्या काळजीनं माणूस अर्धा झाला होता. दोन ठिकाणांहून नकार आलेला.

"मालोजीराव, तोंड गोड करा! आमच्या कुसुमचं जमलं! स्टेशनावरून पाहुण्यांना मीच घेऊन आलो. मुलाच्या वडिलांना मुलगी एकदम पसंत! दोनदा पोहे मागून घेतले!"

"मुलाचा बाप मी आहे!" आमचा पाहुणा गरजला. "मी बबनराव!"

उद्धवरावांच्या हातातला पेढा खाली पडला. मध्यस्थानं ठरवलेलं स्थळ, त्यांनी तरी चेहरा कुठं पाहिला होता!

"मग आमच्याकडं पोहे कोण खातंय?"

सगळे उद्धवरावांच्या घरी धावलो. खुर्चीवर एक किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा माणूस तिसऱ्या बशीचा समाचार घेत होता. उद्धवरावांनी कपाळाला हात लावून भिंतीपाशीच बसकण मारली. बबनराव दारातूनच मागं वळायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात कुसुम शांतपणे बबनरावांपुढं आली. "काका, बसा. पोहे संपलेत, नवे करते. पण या वेळी खाणारा आधी ठरवा हं, घरात शेंगदाणे थोडेच उरलेत!"

बबनराव थबकले. मिशांतल्या मिशांत काहीतरी हललं आणि मग ते खो खो हसत सुटले. "उद्धवराव, उठा! अशा गोंधळात जिचं डोकं ठिकाणावर राहतं, ती आमचं घर सहज सांभाळील. होकार आता माझ्याकडून घ्या!"

उद्धवरावांनी उठून डोळे पुसले. पेढे पुन्हा सुरुवातीपासून वाटले गेले.

गडबड ओसरल्यावर मी त्या किडकिडीत माणसापाशी गेलो. "गेन्या?"

"व्हय."

"अरे, मला ओळखलं नाहीस का स्टेशनावर?"

"वळकलं की! गाडीतनं उतरल्या उतरल्या वळकलं. पर तू त्या पावण्याला अशी घट्ट मिठी मारलीस, म्हनलं ह्याला माझ्यापेक्षा जुना दोस्त घावला. मदी कशाला पडा? तेवढ्यात हे उद्धवराव 'चला, घरी समदी वाट बघत्यात' म्हनाले. मला वाटलं, तूच धाडलंयस. मग बसलो पोहे खात तुझी वाट बघत."

"आणि मुलगी पसंत कशी केलीस?"

"त्यांनी इचारलं, पोरगी कशी वाटली? आता चांगल्या पोरीला वाईट म्हनू व्हय?"

 मी दोन्ही हात पसरून पुढं झालो.

गेनू झटकन खुर्चीमागं सरकला. "थांब! आदी नीट बघ मला. मग मार मिठी!"