झाडून न निघणारी पानं

मावशी ऑफिसचा हॉल झाडत होत्या आणि पानं काही निघत नव्हती. आधी त्यांनी झाडू हलक्या हाताने फिरवला, मग जोरात, मग कमरेवर हात ठेवून पानांकडे असं बघितलं की खरी पानं असती तर घाबरून स्वतःच कचऱ्याच्या डब्यात गेली असती. पण ती खरी नव्हतीच ना! ती वेलबाईची होती.

वेलबाई म्हणजे ऑफिसची डिझायनर. खरं नाव कुणी घेतच नाही, कारण पडदा असो, सोफ्याचं कापड असो, ही त्यावर वेल चढवणारच. तर या वेळी हॉटेलवाल्या मॅडमना लॉबीसाठी हवा होता गालिचा, 'जंगलातल्या वाटेसारखा', आणि साहेबांचं एकच पालुपद, "अजून खरं वाटू दे." आता गालिच्यात कसं असतं, एकच चौकोनी नमुना पुन्हा पुन्हा विणतात, आणि तोच परत आलाय हे डोळ्याला कळलं की संपलं, जंगलाची फरशी होते. ते लपवायला वेलबाईने वाळकी पानं काढली, किडीने खाल्लेली काढली, पालथी पडलेली काढली, काटक्या, पिसं, सावल्या, सगळं काढलं. शेवटी शेवटी तिला चहात पान दिसायचं, झोपलेल्या नवऱ्याच्या कानात पान दिसायचं. साहेबांनी शब्द दिला होता, मॅडम हो म्हणाल्या की आठवडाभर सुट्टी. तिला कुठे जायचं नव्हतं हो. नुसतं झोपायचं होतं.

आणि मॅडम आज हॉलमध्ये पसरलेला तो गालिचा बघायला येणार होत्या.

वेलबाई पोचली तेव्हा मावशी गुडघ्यांवर बसून, गरम पाणी आणि ब्रश घेऊन जंगल घासत होत्या.

"मावशी! अहो, काय करताय?"

"कुणीतरी गोंदाने चिकटवलीत मेली! एक निघेल तर शपथ."

"विणलीयेत ती!"

"विणलीत?" मावशींचा ब्रश हवेतच राहिला. "म्हणजे मुद्दाम? कचरा?"

वेलबाईला रडायचं होतं, पण रडायलाही थोडी ताकद लागते. तेवढ्यात साहेब आले, ऐटीत गालिच्यावर पाय ठेवला आणि बुटातून पचाक असा आवाज आला.

"उन्हात टाका! आत्ताच्या आत्ता!"

झालं. तिघांनी मिळून तो भिजलेला, म्हशीएवढा जड गालिचा ऑफिसच्या मागच्या अंगणात ओढत नेला. ऊन होतं फक्त कुंपणाच्या भिंतीवर, आणि भिंतीला लागून होतं झाड. वारा सुटला. "वा, पटकन वाळेल," साहेब म्हणाले. गालिचा काही वाळला नाही, पण झाड मात्र भराभर मोकळं झालं. आणि पुढच्या दाराशी मॅडमची गाडी वाजली!

गालिचा गुंडाळला, धावत आत आणला, हॉलमध्ये पसरला आणि तिघंही बघतच राहिले. आता त्यावर वेलबाईची पानं होती आणि झाडाचीही होती.

"खरी तेवढी उचला, चला चला!" साहेब कुजबुजले.

"खरी कुठली?"

"अहो, तुम्हीच काढलीत ना नक्षी?"

"म्हणूनच कळत नाहीये, साहेब."

मग तिघंही गुडघ्यांवर. चिमटीत धरायचं, ओढायचं. "हे खरं!" म्हणत साहेबांनी एक पान झटक्यात ओढलं, तर हातात आला लांबच्या लांब धागा. "खोटं होतं," ते म्हणाले आणि मॅडमच्या चपलांचा आवाज ऐकून त्यांनी तो धागा पटकन खिशात कोंबला. धाग्याचं दुसरं टोक अजून गालिच्यात. आता साहेबांना उठता येईना.

"हे काय, खाली का बसलात?" मॅडमनी विचारलं.

"इथून नक्षी छान दिसते," साहेब म्हणाले. "तुम्ही बघा ना निवांत."

मॅडम गालिच्याभोवती फिरल्या. थांबल्या. परत फिरल्या. वेलबाईचे डोळे मिटत होते, ती ते कसेबसे उघडे ठेवत होती.

"छान झालंय हो," मॅडम म्हणाल्या. "पण हे एक पान बघा. अगदीच खोटं. असला रंग असतो का कुठे पानाचा? हे काढून टाका."

साहेबांचा चेहरा पडला. एक पान बदलायचं म्हणजे अख्खा गालिचा नव्याने विणायचा. वेलबाई वाकली. पान चिमटीत धरलं. पान आलं.

"काढलं, मॅडम."

मॅडमचा आ वासला तो वासलाच. "इतक्या पटकन? आमचे आधीचे लोक एक फूल बदलायला महिना लावायचे!" मग त्यांना हुरूपच आला. "मग हेही काढा. यात काही जीव नाही."

वेलबाईने चिमटीत धरलं. ओढलं. पानाबरोबर गालिचाही जरा उचलला गेला. तिने हळूच सोडून दिलं.

"मॅडम," ती थकल्या आवाजात म्हणाली, "हे खरं आहे."

"हो?" मॅडमनी चष्मा लावला, वाकून निरखून बघितलं. "हो की! मग राहू दे."

मॅडम 'पक्कं' म्हणून गेल्या. साहेब खुशीत ओरडले, "वेलबाई, सुट्टी मंजूर! फक्त जाता जाता मला कात्री आणून द्या."

पण वेलबाई ओल्या जंगलात कुशीवर वळून गाढ झोपली होती. मावशी परत झाडू घेऊन आल्या, तिच्याकडे बघितलं, मग खिशाने जमिनीला बांधलेल्या साहेबांकडे बघितलं.

"साहेब, हिला उचलायचं का हीपण विणलेलीच आहे?"