किल्ली काढली तरी चालणारी लॉरी

माझं नाव रंगराव. तंजावूरमध्ये मराठी, तमिळ आणि थोडं इंग्रजी अशा तीन भाषांत संशय घेऊ शकणारा खासगी गुप्तहेर एकच आहे, आणि तो मी. टाउन बसमध्ये छत्तीस वर्षं तिकिटं तपासली. माणूस खोटं बोलताना खिडकीबाहेर बघतो, हे मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. आजवर अकरा प्रकरणं हाताळली. त्यातली नऊ मी हात काढून घेतल्यावर सुटली. उरलेल्या दोनांत गुन्हाच झाला नव्हता, हे मी सिद्ध केलं.

हा उद्योग सुरू केला तो हिराबाई गेल्यावर. ती असताना घरात काही सापडेनासं झालं तर एक हाक पुरायची. ती गेली आणि मला माझा चष्मा शोधायला दोन दिवस लागले. तेव्हा लक्षात आलं की शोधायचं काम माझं मलाच करायचं आहे. मग म्हटलं, लोकांचंही करावं.

बारावं प्रकरण घरातलंच निघालं. हिराबाईचा धाकटा भाऊ रघोजी शेजारच्या गल्लीत राहतो. त्याच्याकडे एक जुनी लॉरी आहे. तिच्यातून तो तिरुवैयारूहून केळीची पानं आणतो आणि लग्नांच्या कल्याणमंडपांना पोचवतो. लॉरी कुठल्या सालची, हे सांगणं अवघड आहे. सांगाडा एका सालचा, इंजिन दुसऱ्या सालचं, डिझेलचा पंप तिसऱ्याच लॉरीचा आणि सीट एका मोडीत निघालेल्या बसची.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची मुलगी सुप्रभा धावत आली.

"आतोबा, लॉरी बंद होईना!"

"सुरू होईना म्हण."

"सुरू झाली. सुरूच आहे. किल्ली ही बघा माझ्या हातात."

किल्ली खरंच तिच्या हातात होती. आणि गल्लीच्या टोकाला लॉरी धडधडत होती. अखेर रघोजीने ती चौथ्या गिअरमध्ये टाकली, ब्रेकवर उभा राहिला आणि क्लच सोडला. लॉरीने एक उचकी दिली आणि गप्प झाली.

"कालपासून असंच आहे, भावोजी," तो खाली उतरत म्हणाला. "आता ऐका. खंडेनवमीला मी चाकाखाली लिंबू ठेवीन ते किल्लीने बंद होणाऱ्या लॉरीच्या. नाहीतर दसऱ्याला भंगारवाला येईल आणि ही पोरगी बँकेच्या परीक्षेच्या क्लासला जाईल."

सुप्रभाचा चेहरा पडला. तिने चार महिने खपून मोठ्या गाडीचं लायसन्स काढलं होतं. दसऱ्याची पहिली फेरी ती एकटी नेणार असं ठरलं होतं. रघोजीला ते मनातून नको होतं. लॉरीने त्याला कारण दिलं होतं.

"प्रकरण मी घेतो," मी म्हणालो.

"अय्यो," सुप्रभा म्हणाली. ते आनंदाने म्हणाली की नाही, हे मी तपासलं नाही.

मेकॅनिक विघ्नेश आला. त्याने पंपावरचा एक बारीक डबा दाखवला. किल्ली लावली की या डब्याला करंट मिळतो, डिझेलची वाट उघडते. किल्ली काढली की करंट जातो, वाट बंद होते, इंजिन थांबतं. त्याने टेस्टरचा बल्ब डब्याला लावला. किल्ली सुप्रभाच्या हातात, आणि बल्ब पेटला.

"करंट येतोय," विघ्नेश म्हणाला. "कुठून येतोय ते कळेना." त्याने किल्लीचा स्विच बदलला. मग डबाही बदलला. लॉरी चालूच.

मी त्याला बाजूला केलं. यंत्राच्या मागे माणूस असतो, हे सामान्य मेकॅनिकला कळत नाही.

माझा पहिला सिद्धान्त: इंजिन स्वतःचंच ऑइल पीत असावं. असं होतं म्हणे. पिणाऱ्याला ओळखायचं तर तोंडाचा वास घ्यावा. मी धुराच्या नळीजवळ वाकून दहा मिनिटं वास घेतला. वास डिझेलचाच होता. मात्र पुढचे दोन दिवस मला सांबाराचाही वास डिझेलचाच येत होता.

दुसरा सिद्धान्त: रेडिएटरपुढे बसवलेला विजेचा पंखा. रघोजीने तो हौसेने बसवला होता. किल्ली काढल्यावरही पंखा थोडा वेळ फिरतो, आणि फिरणारा पंखा स्वतःच करंट तयार करतो. हे मला विघ्नेशनेच सांगितलं होतं, पण सिद्धान्त माझा होता. आम्ही पंख्याची तार काढली. पंखा थांबला. लॉरी चालू. इंजिन तेवढं तापलं, आणि झाकण बघायला गेलेल्या माझ्या अंगावर रेडिएटरने गरम पाणी फुंकलं. याला मी प्रतिकार समजलो आणि संशयितांच्या यादीत रेडिएटरचं नाव घातलं.

तिसरा सिद्धान्त सर्वांत भक्कम होता. सत्यनारायण. त्याचाही केळीच्या पानांचा धंदा. रघोजीची लॉरी भंगारात गेली तर फायदा त्याचाच. मी टाउन बसने त्याच्या वखारीवर गेलो आणि पानांच्या भाऱ्यांमागे दबा धरून बसलो. तासाभराने भाऱ्यांच्या पलीकडून आवाज आला.

"रंगराव, कॉफी घेणार?"

मी श्वास रोखला.

"साखर कमी ना? मागच्या वेळी तुम्ही सांगितलं होतं."

मागच्या वेळी मी त्याच्यावर चप्पलचोरीच्या प्रकरणात पाळत ठेवली होती. मी बाहेर आलो. कॉफी चांगली होती. सत्यनारायण खिडकीबाहेर न बघता म्हणाला, "रघोजीची लॉरी उभी राहिली तर त्याची गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात पडतील. माझीच मला झेपेनात. तेवढी ती नीट करा की." आणि त्याने पानांचा एक भारा मला घरी न्यायला दिला. यादीतून मी त्याचं नाव खोडलं. भाऱ्याचा त्या खोडण्याशी संबंध नाही.

असे दिवस गेले. रोज सकाळी बॅटरी उतरलेली असायची. आम्ही ढकलून लॉरी सुरू करायचो आणि मग ती बंद कशी करायची याची चिंता करायचो. रघोजी म्हणाला, "सुरू करायचं एक, बंद करायचं एक, अशी दोन टोकं आहेत आणि दोन्हीकडे मीच ढकलतोय."

विघ्नेशने एकदा डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात हात घातला. मी ओरडलो. तिथे तुळजाभवानीची तसबीर होती आणि तिच्यापुढे विजेचा बारका दिवा. नवरात्रात तेवत असलेल्या दिव्यापाशी तेलकट हात?

"तिथल्या तारा तेवढ्या बघायच्या राहिल्यात," विघ्नेश म्हणाला.

"तिथे काही नाही. तो दिवा घटस्थापनेला मी स्वतः बसवलाय."

"सरी, अय्या," असा तमिळ होकार देऊन त्याने हात मागे घेतला. बसमधून उतरवलेला प्रवासी असाच गप्प होतो. मला समाधान वाटलं.

अष्टमीची संध्याकाळ झाली. किल्ली काढलेली लॉरी दारात धडधडत होती. भंगारवाल्याचा फोन येऊन गेला होता. सुप्रभा पायरीवर बसली होती आणि मांडीवर बँकेच्या परीक्षेचं पुस्तक होतं. पुस्तक उलटं होतं.

फुलवाली अंबा रोजच्यासारखी जाईची माळ घेऊन आली. तसबिरीला माळ घालायला ती लॉरीत चढली. एक तार मध्ये येत होती. ती तिने दोन बोटांनी बाजूला केली. तारेवरची चिकटपट्टी सुटली, दिवा गेला आणि लॉरी थांबली.

गल्ली एवढी शांत झाली की समोरच्या घरातला कुकर ऐकू आला.

"देवी, मी काही केलं नाही!" अंबा ओरडली. "दिवा विझला! अष्टमीला विझला!"

विघ्नेशने तार उचलली आणि मागे मागे माग काढला. तार थेट बॅटरीतून आली होती. दिव्याच्या जोडाला चिकटवली होती. आणि त्याच जोडातून पुढे पंपावरच्या डब्याची तार गेली होती.

"किल्ली काढली तरी दिवा जळावा म्हणून कुणीतरी बॅटरीचा करंट इथे आणलाय," तो म्हणाला. "दिव्याबरोबर इंजिनलाही मिळतोय. कुणी केलं हे?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. खिडकी लॉरीची होती आणि मी रस्त्यावर उभा होतो, तरी बघितलं.

संशयितांची यादी मी पुन्हा वाचली. तिच्यात रेडिएटर होता. मी नव्हतो.

"भावोजी!" रघोजीचा आवाज चढला. "सात दिवस मी लॉरी ढकलली! दिवा हवा तर घरात लावायचा. माझ्या लॉरीत कशाला?"

"घरी जमत नाही," मी म्हणालो. "नंदादीप अखंड ठेवायचा तर तेल घालायला सारखं उठावं लागतं. नऊ दिवस ते हिराबाई करायची. गेल्या वर्षी मी बसवला होता. दुसऱ्या पहाटे झोप लागली आणि विझला. विजेच्या दिव्याला तेल लागत नाही. हिराबाई तुझ्या लॉरीत पुढच्या सीटवर बसायची, म्हणून तिथे लावला. किल्ली काढली की तोही विझायचा. म्हणून दुसरी तार."

 विघ्नेश उगीच पाना पुसत राहिला. रघोजीने एकदा लॉरीकडे बघितलं, एकदा पुढच्या सीटकडे.

"अक्काला चाललं नसतं," तो शेवटी म्हणाला.

"काय?"

"चिकटपट्टी. ती म्हणाली असती, नीट गाठ मार." मग विघ्नेशला म्हणाला, "दिव्याला बॅटरीतून वेगळी तार दे. इंजिनाशी संबंध नको. आणि आताच दे, अंबा घाबरलीय."

सुप्रभाने विघ्नेशच्या हातून तार घेतली आणि पाच मिनिटांत स्वतः जोडली. दिवा लागला. तिने किल्ली फिरवली, लॉरी सुरू. किल्ली काढली, लॉरी बंद. दिवा चालूच. असं तिने सहा वेळा केलं. सातव्या वेळी रघोजी ओरडला, "पुरे, स्टार्टर जाईल!" आणि ओरडता ओरडता त्याच्या लक्षात आलं की आता नाही म्हणायला त्याच्याकडे कारण उरलं नाही.

खंडेनवमीला चाकांखाली लिंबं ठेवली. सुप्रभाने ती चिरडली.

दसऱ्याच्या पहाटे लॉरी माझ्या दारात आली. सुप्रभाने एकटीने जायचं ठरलं होतं. पण गुप्तहेराने प्रकरणाचा निकाल डोळ्यांनी बघावा, म्हणून तिने मला बोलावलं होतं. दार उघडलं तर आत रघोजी बसलेला.

"तू कसा?"

"पानं मोजायला," तो म्हणाला.

 तिरुवैयारूपर्यंत प्रत्येक वळणावर, प्रत्येक म्हशीपाशी, समोरून येणाऱ्या प्रत्येक बसला त्याचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर दाबला जात होता. कावेरीच्या पुलावर तर त्याने दोन्ही पायांनी ब्रेक मारला. सुप्रभाने मारला नव्हता. तिने हॉर्न दिला, पूल ओलांडला, तिथल्या पानांच्या वखारीपाशी लॉरी वळवली, मागे घेतली, भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी केली आणि किल्ली काढली.

इंजिन जागच्या जागी बंद झालं. रघोजीचा पाय मात्र आणखी थोडा वेळ चालूच होता.