लाल दिव्याची सरासरी

स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, तेव्हा तो आपणच दुरुस्त करायचा असं मी ठरवलं. (इथेच मला कोणीतरी धरून बसवायला हवं होतं.)

"गुरुवारी सुट्टी आहे तर एक पाना आणि एक वॉशर आणा," दीक्षा म्हणाली. "शनिवारी बाबा येतायत."

बाबा म्हणजे माझे सासरे धोंडीबा, रिटायर्ड फिटर. जावई क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये नक्की काय करतो, हे त्यांना अजून उमगलेलं नाही.

गुरुवारी मी काळेवाडीभर हिंडलो, दाढी केली, भेळ खाल्ली आणि पाना-वॉशर साफ विसरून हात हलवत घरी आलो. दीक्षाने विचारल्यावर ठोकून दिलं, "पाना कालच घेतलाय, कंपनीत राहिला."

चाकणला आमच्या कंपनीत पान्यांना काय तोटा? शनिवारी एक न्यायचा, रविवारी सकाळी गुपचूप परत ठेवायचा. अडचण एकच, गेटवरचं बटण. सुटताना प्रत्येकाने ते दाबायचं. हिरवा दिवा लागला तर घरी जायचं, लाल लागला तर बॅग उघडून दाखवायची. विसात एकदा लाल लागतो. बॅगेत कंपनीचा साधा नट सापडला तरी माणूस बाहेर, आणि माझी पर्मनंटची ऑर्डर नेमकी साहेबांच्या सहीसाठी थांबलेली.

तरी मी निर्धास्त होतो. ट्रेनिंगमध्ये हर्षाली मॅडमनी हेच बटण घेऊन जॉमेट्रिक डिस्ट्रिब्युशन, म्हणजे पहिला लाल कितव्यांदा लागेल त्याचं गणित, शिकवलं होतं. पहिला लाल नेमका पाचव्यांदा लागण्याची शक्यता किती? आधी चार हिरवे, मग एक लाल. म्हणजे ०.९५ चार वेळा आणि ०.०५ एकदा, सगळ्यांचा गुणाकार. शंभरात जेमतेम चार. आणि पहिल्या लालसाठी सरासरी वीस वेळा बटण दाबावं लागतं. (लाल लागण्याला मॅडम 'सक्सेस' म्हणत होत्या. ज्याची वाट बघायची ते सक्सेस, मग त्यात आपलं वाटोळं का होईना.) एवढं ऐकून मी वडापावच्या वासामागे बाहेर पडलो.

शुक्रवारी मला लाल लागला. बॅगेत नुसता डबा. मला इतका आनंद झाला की सिक्युरिटीचा जयसिंग संशयाने बघायला लागला. आता पुढची वीस बटणं आपली.

शनिवारी कँटीनमध्ये मॅडम भेटल्या. मी फुशारकीने म्हणालो, "काल लाल लागला. आता वीस दिवस निवांत."

"कोण म्हणालं? बटणाला कालचं काही आठवत नाही. आजही शक्यता तेवढीच, विसात एक."

"पण सरासरी..."

"ते मी वडापावनंतर समजावलं होतं."

पाना तोवर बॅगेत गेला होता. जागेवर येऊन मी तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. सासरे डोळ्यांपुढे आले, पुन्हा बॅगेत घातला. पर्मनंटची ऑर्डर डोळ्यांपुढे आली, पुन्हा काढला. किती वेळा हे झालं कोण जाणे. मध्येच दीक्षाचा फोन.

"पाना घेतला ना?"

"बॅगेतच आहे."

"आवाज का असा येतोय?"

"मशीन चालू आहे." (ड्रॉवरची उघडझाप चालू होती.)

सुटल्यावर गेटच्या रांगेत उभा राहिलो. बॅग मणभर वाटत होती. मनात पंचशील म्हणायला लागलो आणि दुसऱ्याच शिलाला, चोरीपाशी, अडखळलो. डोळे मिटून बटण दाबलं.

लाल.

"समाधानभाऊ, परत तुम्हीच?" जयसिंग म्हणाला. "उघडा."

माझ्याने चेन उघडेना. शेवटी त्यानेच उघडली. डबा काढला, बाटली काढली, रुमाल झटकला.

"जावा. काय न्हाई. घाम पुसा."

काय नाही? मी बॅगेत डोकं घालून पाहिलं. पाना ड्रॉवरमध्येच राहिला होता.

नोकरी वाचल्याच्या आनंदात मी तरंगत घरी पोचलो. नळाखालची बादली भरत आली होती आणि सासरे शेजारी स्टूल टाकून बसले होते.

"पाना?" दीक्षाने विचारलं.

"ड्रॉवरमध्ये राहिला."

"आणि वॉशर?"

वॉशर! मी घाईघाईने मॅडमचं डिस्ट्रिब्युशन समजावायला लागलो. सासऱ्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी काल काय झालं ते त्या बटणाला आज आठवत न्हाई?"

"अजिबात नाही."

"आन् तरी कंपनीनं त्याला पर्मनंट ठिवलंय?"

"हो."

सासरे लेकीकडे वळले. "मग तू काळजी करू नको दीक्षा. ह्यांचं बी हुतंय."