सासूबाईंचा कुकर आणि साखळीचं मेण

सायकलच्या साखळीची कुरकुर बंद करायची, एवढंच मी ठरवलं होतं. यात कुणाचं वाईट होईल असं मला वाटलं नव्हतं. पण मी पाणीपुरवठा ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसतो, आणि माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस तक्रार घेऊन येतो तो दोन घेऊन जातो, हे माझ्या वेळीच लक्षात यायला हवं होतं.

सायकल सासूबाईंची. त्या मागच्या वर्षी गेल्या. मी घरजावई, आमच्या बेटावरच्या फेंगयुआन गावात घरजावयाला घरात साधारण जिन्याखालच्या छत्रीएवढा मान असतो, म्हणजे पाऊस पडला की आठवण होते. डॉक्टरांनी माझ्या रक्तातली साखर पाहून 'हातपाय हलवा' म्हटल्यावर बी-युननं (ही माझी बायको) दुसऱ्याच दिवशी माझी स्कूटर विकली आणि आईची सायकल पुढे केली.

ती सायकल कुरकुरायची. सासूबाई वर्षानुवर्षं त्याच कुरकुरीसकट बाजारातून घरी यायच्या. आता संध्याकाळी मी गल्लीत वळलो, की दारातल्या वेताच्या खुर्चीत बसलेले सासरे मान वर करायचे. चेहरा उजळायचा. मग सायकलवर मी दिसायचो. (माझ्या येण्यानं आजवर पुष्कळांची निराशा झाली आहे, पण एकाच माणसाची रोज करायची म्हणजे फार झालं.) बाबा मान खाली घालायचे आणि रात्री चार घास खाऊन उठायचे. बोलणं तर त्यांनी सोडलंच होतं. ते चार घासही सासूबाईंच्या विजेच्या कुकरातला भात असेल तरच. बी-युननं मध्यंतरी नवा कुकर आणला, तर एक घास तोंडात घालून त्यांनी वाडगा खाली ठेवला. तो हिरवा, कडेला पोचे आलेला जुना कुकर हा आमच्या घरातला एकमेव डॉक्टर होता.

म्हणून म्हटलं, निदान ती कुरकुर तरी थांबवू.

आमच्या गावात निम्मी माणसं सायकलच्या कारखान्यांत कामाला आणि उरलेली त्यांची नातेवाईक. साखळीबद्दल मत नसलेला माणूस औषधाला सापडायचा नाही. सापडला तर तो मी. मी कपाटातला गंज सोडवायचा स्प्रे काढला आणि साखळीवर मनसोक्त मारला. दोन दिवस सायकल लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी ती आधीपेक्षा मोठ्यानं कुरकुरली. बाबा खुर्चीतून अर्धे उठलेसुद्धा.

मग मी नाक्यावरच्या अ-पियाओच्या दुकानात गेलो. अ-पियाओ सायकली दुरुस्त करतो, पण चेहरा सदैव तिरडीच्या सामानाच्या दुकानात बसल्यासारखा.

"स्प्रे मारलास?" त्यानं विचारलं. "म्हणजे होतं नव्हतं तेही तेल धुऊन टाकलंस. शाबास."

"मग आता?"

"पावसात चालवतोस का कोरड्यात?"

"ऑफिसला चालवतो."

त्यानं सुस्कारा सोडला आणि जाड तेलाची बाटली दिली. पावसातही टिकतं म्हणाला. टिकलं. इतकं टिकलं, की गल्लीतली धूळ, देवळाच्या उदबत्त्यांची राख, शेजारच्यांच्या मांजराचे केस, सगळं त्या साखळीनं पोटाशी धरलं. दातेरी चक्रांवर काळं लोणी जमलं. माझ्या पँटच्या उजव्या पायाची कड काळी झाली, मग सोफ्याची, मग बी-युनच्या पांढऱ्या पडद्याची. (पडद्यापर्यंत माझी पँट कशी पोचली, ते मला अजून कळलेलं नाही.)

"तेल घालायचं आणि पुसून काढायचं असतं," अ-पियाओ म्हणाला. "आतल्या सांध्यात राहिलं की पुरे. वरून दिसतं ते तेल नव्हे, मळाला आमंत्रण. तू पुसलंस का?"

मी पुसलं नव्हतं. मग मी एक अख्खा रविवार रॉकेल आणि टूथब्रश घेऊन साखळीची कडी न् कडी घासली. (ब्रश जुना होता. जुना म्हणजे माझा नव्हता.) नंतर त्यानं दिलेलं पातळ, कोरडं तेल घातलं. साखळी चांदीसारखी दिसू लागली, आणि मे महिन्यातला आमच्याकडचा चिवट पाऊस सुरू झाला. ते तेल एका दुपारीत धुऊन गेलं. पुन्हा कुरकुर, पुन्हा बाबांची मान वर, पुन्हा मी.

"मग मेण," अ-पियाओ शेवटी म्हणाला. "साखळी काढायची, तेलाचा अंश राहणार नाही अशी धुवायची, वितळलेल्या मेणात बुडवायची, टांगून वाळवायची. आवाज नाही, मळ नाही, काही नाही. पण तुझ्याच्यानं व्हायचं नाही."

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर पुढचं काही झालं नसतं.

मेण विस्तवावर थेट तापवायचं नाही, पेट घेतं. बाहेर पाणी, आत भांडं, मंद वाफ, पाणी आटलं की आपोआप बंद, असं काहीतरी हवं. असं यंत्र आमच्या बेटावर प्रत्येक घरात असतं आणि त्यात लोक भात करतात. मी नवा कुकर शोधला. तो बी-युननं तिच्या आत्याला देऊन टाकला होता.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी सासूबाईंचं वर्षश्राद्ध. बी-युन बाबांना घेऊन सामान आणायला गेली होती. मी म्हटलं, मेण काही भांड्याला लागणारच नाही. स्टीलच्या वाडग्यात मेण, वाडगा कुकरच्या भांड्यात, बाहेर पेलाभर पाणी, स्विच दाबला. मेण असं सुरेख वितळलं की मला स्वतःचा अभिमान वाटला, आणि तो वाटला की मी नेहमी सावध व्हायला हवं. साखळी बुडवली, तारेनं उचलली, निथळायला कुकरच्या वर भिंतीतल्या खुंटीला टांगली. तार सुटली. साखळी सरळ वाडग्यात. वाडगा आडवा. मेण भांड्यात, भांड्याबाहेर, पाण्यात, सगळीकडे.

मी ते घाईघाईनं मोरीत ओतलं. मोरी तुंबली. मेण थंड झाल्यावर घट्ट होतं हे ज्ञान मला त्या क्षणी झालं. मग मी बायकोचा केस वाळवायचा पंखा मोरीच्या तोंडाशी धरून बसलो. भांडं गरम पाण्यानं धुतलं, फडक्यानं पुसलं, उजेडात धरलं. लखलखीत! (पातळ मेण दिसत नाही. दिसलं असतं तर मेणाची बदनामी टळली असती आणि माझी अब्रू वाचली असती.)

बी-युन घरात शिरली आणि दारातच थांबली. "मेणबत्तीचा वास येतोय. आईसाठी लावली होतीस?"

मी मान डोलावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, तुझ्या लक्षातच नाही," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. असा हात तिनं फार दिवसांत ठेवला नव्हता. आता सांगितलं तर तो हात निघेल, म्हणून मी गप्प बसलो.

संध्याकाळी मी साखळी चढवून गल्लीत एक फेरी मारली. आवाज नाही. मी दारात आलो तरी बाबांनी मान वर केली नाही. सायकल त्यांच्या पायाशी टेकवली तरी नाही. त्या रात्री सकाळच्याच भाताचे दोन घास खाऊन ते उठले. त्यांना मान वर करायला लावणारी घरात एकच गोष्ट उरली होती, ती मी मेणात बुडवून टाकली होती. मला फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगताही येईना.

रविवारी बाबांची थोरली बहीण, आमची आत्या, आली. विधी सगळे तिच्या हातात. सासूबाईंच्या तसबिरीपुढे अख्खी कोंबडी, मासा, तळलेलं टोफू, फळं आणि मधोमध त्यांच्याच कुकरातल्या भाताचा वाडगा मांडला.

"काय चकाकतोय गं भात!" आत्या म्हणाली. "कुठला तांदूळ?"

"नेहमीचाच," बी-युन म्हणाली. मी उदबत्त्या मोजू लागलो.

आमच्याकडे वारलेलं माणूस जेवल्याशिवाय कुणी जेवत नाही. त्यांचं झालं का, हे दोन नाणी टाकून विचारायचं. एक छापा, एक काटा पडला तर 'झालं'. दोन्ही सारखी पडली तर 'नाही'.

उदबत्ती अर्धी जळाल्यावर आत्यानं नाणी उडवली. "वहिनी, पोट भरलं का?" दोन्ही छापे.

"जेवू दे सावकाश. तिला घाई कधीच नव्हती."

थोड्या वेळानं दोन्ही काटे. पुन्हा दोन्ही छापे. नवी उदबत्ती लावली, तीही संपत आली. कोंबडी गार झाली. आत्याला मधुमेह, तिचा आवाज चढू लागला.

"वहिनी रुसलीय. काहीतरी चुकलंय. ज्याचं चुकलं त्यानं बोला, मला चक्कर येतेय."

बी-युन हात जोडून रडायलाच लागली. "आई, कोंबडी मी शिजवली नाही गं, विकत आणली. रजा मिळाली नाही मला." नाणी पडली. नाही.

आत्यानं घसा खाकरला. "हे बघ वहिनी, ही बांगडी तू मला दिलीस असं मी सगळ्यांना सांगते. मी मागून घेतली होती. झालं समाधान?" नाही.

भात आता वाडग्यात घट्ट बसू लागला होता. मी पाहत होतो. वरची दाणेदार चकाकी जाऊन तिथे पांढरट साय धरत होती.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाबा उठून तसबिरीपुढे आले. वर्षभरात त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. तो गंजल्यासारखा झाला होता.

"मी झोपलो होतो," ते म्हणाले. "तू गेलीस त्या रात्री. दवाखान्यात, तुझ्या शेजारीच. तू हाक मारली असशील. मला जाग आली नाही."

आत्याच्या हातातून नाणी त्यांनी स्वतः घेतली आणि टाकली. दोन्ही काटे.

बाबा ती नाणी बघत उभे राहिले. मग मान डोलावली, जणू वर्षभर त्यांना हेच अपेक्षित होतं, आणि परत खुर्चीकडे वळले. मला ते बघवेना. माझ्या आळसापायी मी आयुष्यात पुष्कळ काही होऊ दिलं आहे, पण हे नाही.

"सासूबाई!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की आत्यानं छातीवर हात ठेवला. "बाबांचं काही नाही. भातात मेण आहे. मी तुमच्या कुकरात सायकलची साखळी बुडवायला मेण वितळवलं. सांडलं. मोरीही मीच तुंबवली. मेणबत्ती लावलीच नव्हती. तुम्ही काय म्हणायचं ते मला म्हणा."

आणि मी नाणी उचलून टाकली. एक फरशीवर आडवं झालं: छापा. दुसरं गिरक्या घेत कपाटापर्यंत गेलं, भेलकांडलं, आणि पडलं. काटा.

"झालं!" आत्या म्हणाली. "जेवा आता."

बी-युन माझ्याकडे बघत होती. त्या नजरेचं वर्णन मी करत नाही, कारण ती अजून पूर्णपणे गेलेली नाही. "आईच्या कुकरात?" ती म्हणाली. "रॉकेलनं धुतलेली साखळी?"

"रॉकेल वाळलं होतं."

"आणि मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला!"

तेवढ्यात टक् असा आवाज आला. बाबा वाडग्यातल्या भातावर चमचा मारून बघत होते. पुन्हा टक्. वाडगा त्यांनी उपडा केला. भात एकसंध मूद होऊन टेबलावर उभा राहिला. बाबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं रडताहेत; बी-युन धावली. ते हसत होते.

"ती रागावली ती यावर," ते म्हणाले. "माझ्यावर नाही."

"तुझ्यावर कशाला रागावेल?" आत्या म्हणाली. "ती रात्र रात्र जागी, आणि तू घोरतोस, हे तिला काय नवीन होतं? बस, जेव. भांड्यात पाणी उकळून गार कर गं, मेण वर येतं, उचलून टाकायचं. कुकरला काही होत नाही." मग माझ्याकडे वळून, "आणि तू जा, नाक्यावरून भात घेऊन ये."

मी भात घेऊन आलो तोवर बाबांनी अर्धी कोंबडी संपवली होती. भाताचा वाडगा त्यांनी हातात घेतला. तो सासूबाईंच्या कुकरातला नव्हता, पण तेवढं त्यांच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं आणि चाललं. बी-युन त्यांच्याकडे बघतच राहिली, आणि थोडा वेळ माझ्यावर रागवायचं विसरली.

"काही म्हणा," मी धीर करून बोललो, "शेवटी सासूबाईंनी मला माफ केलं."

बाबांनी घास गिळला. "तुझ्या लग्नाच्या वेळी तिनं इथंच नाणी टाकली होती. ह्या पोराला घरात घ्यावं का, म्हणून पूर्वजांना विचारायला."

हे मला नवीन होतं. बी-युनलाही. "मग काय म्हणाले पूर्वज?" तिनं विचारलं.

"नाही म्हणाले. सकाळपासून नाही, नाही, नाही. दुपार झाली. तिला सपाटून भूक लागली होती. शेवटी तिनं बोटानं एक नाणं उलटं केलं आणि म्हणाली, चला, पडलं. वाढा."

आत्या तोंडात घास असताना हसली, म्हणून तिला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं.

"आणि पूर्वज रागावले नाहीत?" मी विचारलं.

बाबांनी माझ्या पुढ्यातली कोंबडीची तंगडी उचलून स्वतःच्या वाडग्यात घेतली.

"रागावले असणारच," ते म्हणाले. "तू तेव्हापासून इथेच आहेस ना?"