अमीर कहतान यांची दूधआई शरात इची हद्दपारी

श्री. जो सर्वांचा कर्ता, ज्यास लोक नाना नांवांनीं हाक मारितात आणि खरें नांव तो एकच जाणे, त्यास नमन करून लिहिणें ऐसें जे: शके सोळाशें साठ, कालयुक्त नाम संवत्सर, सुहूर सन तिसा सलासीन मया व अलफ, अरब मुलुखीं एका राज्यांत पूर्वीं जें वर्तलें, तें ते सालीं घोड्यांचे सौदागर बंदरीं उतरले त्यांचे मुखें ऐकिलें तैसें लिहिलें. राज्याचें नांव सौदागरांनीं सांगितलें नाहीं, आणि आम्हींही पुसण्याचा आग्रह केला नाहीं.

तें राज्य दोन नद्यांचे बेचक्यांत, खजुरीचें रान, मातीचा कोट, आणि रयत सारी अरब. भाषा एक, कहवा एक, मेजवानीस बकरा एकाच रीतीनें शिजे, आणि शिव्याही सर्वांच्या त्याच. धर्म मात्र वेगळाले. मुसलमान दोन पंथांचे होते, ईसवी होते, रंगारी यहुदी होते, आणि नदीकांठीं साबी म्हणोन थोडके लोक होते. ते याह्या पैगंबरास मानीत, आणि वाहत्या पाण्यांत स्नान केल्याविना त्यांचा जन्म, लग्न, मरण कांहींच पुरें होत नसे. साबी नावा बांधीत आणि सारें शहर त्यांत बसे. नाव कोणत्या धर्माची हें कोणी पुसत नसे. त्या साब्यांत शरात नांवाची बाई होती. तिला साम नांवाचा पुत्र जाहला, त्याच आठवड्यांत थोरल्या अमीरांस पुत्र जाहला आणि त्यांची बीबी बाळंतपणांत वारली. मूल तीन दायांस लावून पाहिलें, तोंड लावीना, निळें पडूं लागलें. मग हकीमांनीं शरातेस नदीवरून आणविलें आणि मूल तिचे पदरीं घट्ट लागलें. तिनें एका अंगास साम आणि एका अंगास शहाजादा कहतान ऐसे दोन वर्षें दोघे वाढविले. पुढें थोरले अमीर वारले आणि कहतान गादीवर बसले, तेव्हां दर ईदेस ते स्वतां उठून शरातेचा हात डोळ्यांस लावीत, आणि तिलाही, खरें लिहावें तर, त्याचा गर्व होता.

मग शेजारील राज्याशीं कलह पडला, आणि कहतान अमीर बुजुर्ग सरदारांचें न ऐकतां ऐन पुरांत घोडदळ नदीपार घेऊन गेले, आणि निम्मे लोक पाण्यानें नेले, निम्मे शत्रूनें कापिले, आणि अमीर एका साब्याचे नावेंत बसून जीव घेऊन परतले. शहरांत घरोघर रडें सुरू जाहलें आणि रडणारे अमीरांचें नांव घेऊन रडूं लागले. तेव्हां दिवाण बद्रान, जे नमाजास क्वचित आणि मसलतीस नित्य हजर असत, ते एकांतीं बोलिले कीं, "रयत कोणाचें तरी नांव घेणारच. आपलें घेऊं नये ऐसें वाटत असेल तर दुसरें द्यावें लागेल."

अमीर म्हणाले, "कोणाचें द्यावें?"

"ज्यांचे पाठीशीं कोणी नाहीं त्यांचें. ईसव्यांस परमुलुखीं राजे आहेत, यहुद्यांचे सोयरे बंदरोबंदरीं आहेत, दुसऱ्या पंथाचे मुसलमानांपाशीं तलवार आहे. साब्यांपाशीं काय आहे? नदी."

मग शहरांत डंका पिटला कीं, साब्यांनीं उताराची वाट शत्रूस दाखविली, त्यांचा धर्म कोणत्याही किताबांत नाहीं, सबब आठ दिवसांत नदी सोडून खारवट मुलुखीं जावें, तेथें विहिरी आहेत. विहिरी दोन होत्या, आणि दोहोंचें पाणी मचूळ होतें. शेजारी आले, गळ्यांत पडून रडले, भाकरी बांधून दिल्या आणि घरीं जाऊन दारें लाविलीं. ईसव्यांनीं देवळांत मेणबत्त्या लाविल्या, यहुद्यांनीं दुकानें लवकर मिटलीं, दुसऱ्या पंथाचे मुसलमान उगेच खोकले, आणि प्रत्येकानें मनांत म्हटलें कीं, आमचें नांव आलें नाहीं.

शरात मात्र पांढरें वस्त्र नेसून दरबारीं गेली. चोपदारानें अडविलें नाहीं, कारण तान्हेपणीं दोन महिने तोही तिचेच दुधावर होता. तिला पाहतांच अमीर संवयीनें उठले, मग दिवाणांकडे पाहून बसले आणि म्हणाले, "आई, बसावें."

शरात म्हणाली, "बसावयास आलें नाहीं. ज्या नावेंतून तूं जीव घेऊन आलास ती कोणी वल्हविली?"

अमीर गादीची झालर नीट करूं लागले.

"माझे भावानें वल्हविली. शत्रूस सामील होणें होतें तर तुला मधल्या धारेंत लोटणें किती सोपें होतें!"

दिवाण म्हणाले, "बाई, फर्मान निघालें. आतां माघारें घेतलें तर अमीर चुकले ऐसें होतें."

"मग चुकले म्हणा. लहानपणीं म्हणत होता."

तेव्हां वृद्ध काजी झुबैर काठी टेकून उभे राहिले आणि बोलिले कीं, "साब्यांचें नांव आमचे किताबांत लिहिलें आहे, हुकूम जाहला तर आतां वाचून दाखवितों. आणि जिचें दूध प्यालें ती आई. आईस बाहेर घालणारास काय म्हणावें, हें मजकडून वदवूं नये." काजींचा मोठा सन्मान जाहला, भारी शाल आणि उंट देऊन त्यांस दुसरेच दिवशीं हजेस रवाना केलें, आणि परत येण्याचा परवाना दिला नाहीं.

मग अमीर सिंहासनावरून ओणवे होऊन हळू बोलिले कीं, "आपणांस आणि सामास माफ आहे. धर्म सोडिला ऐसा एक शब्द बोलावा आणि वाड्यांत सुखें राहावें."

"आणि बाकीचे चारशें?"

"चारशेंचें मी काय करूं? चारशें कांहीं मला दूध पाजावयास आले नव्हते."

शरात म्हणाली, "तुला पाजीत होतें तेव्हां वाड्याचें अन्न मला चालत नव्हतें. नदीवरल्या घरांनीं पाळीपाळीनें भाकर पाठविली, मासळी पाठविली, तीच खाऊन मला पान्हा येई. तूं त्या चारशांचेंच प्यालास, लेका."

अमीरांचे डोळे भरून आले. दिवाणांनीं साब्यांस बाहेर घालण्यास स्वार नेमण्याचा कागद पुढें केला, आणि अमीरांनीं भरल्या डोळ्यांनींच त्यावर शिक्का केला.

शरात घरीं आली तों साम उंबऱ्यांत बसला होता. तिनें अमीरांचें बोलणें त्यास सांगितलें. तो म्हणाला, "आई, बायकोचे दिवस भरले आहेत. खारवटींत मूल वांचेल काय?"

शरात म्हणाली, "वांचणार नाहीं."

"मग मी काय करूं?"

"मला विचारूं नको. मी हो म्हटलें तर लोकांची गुन्हेगार, नको म्हटलें तर नातवाची." आणि आंत जातां जातां म्हणाली, "राहा."

साम दुसरे दिवशीं दिवाणांपुढें तो शब्द बोलिला आणि राहिला. शरात लोकांबरोबर चालली. साब्यांचे बुजुर्ग बिहराम यांनीं त्या दिवसापासून सामाचें नांव उच्चारणें बंद केलें, आणि शरातेनें त्यांस हटकिलें नाहीं, परंतु वाटेनें ती सर्वांचे मागून, एकटी चाले.

मग ऊन, मीठ आणि वारा. नवव्या मजलेस शरातेचे पाय सुजले, बाराव्या मजलेस ती चालेना, आणि चौदावे दिवशीं तिचा काळ जवळ आला हें सर्वांनीं ओळखिलें. साब्यांत मरणापूर्वीं वाहत्या पाण्यानें स्नान घालून पांढरें वस्त्र नेसवितात, त्याविना जीव उजेडाचे मुलुखीं पोंचत नाहीं ऐसी त्यांची श्रद्धा. वाहतें पाणी तेथें कोठलें? बायांनीं विचार केला कीं, उतारावर चर खणावा, वरून दोन पखाली सोडाव्या, म्हणजे तितकें तरी पाणी वाहील. चर खणिला. बिहराम पखालीचें तोंड सोडावयास वांकले, तों शरातेनें पुसलें, "एकंदर पखाली किती?"

"तीन."

"पोरें किती?"

बिहरामांनीं पोरांकडे पाहिलें.

"तोंड बांधा," शरात म्हणाली. त्यांनीं ऐकिलें नाहीं. तेव्हां तिनें हात लांब करून आपणच दोरी धरिली, आणि जीव गेला तोंवर सोडिली नाहीं. तिला कोरड्या चरांतच पुरिलें.

दोन महिन्यांनीं साम चाळीस उंटांवर गोड्या पाण्याच्या पखाली लादून, अमीरांचा परवाना घेऊन, आईस शोधीत आला. घरीं मुलगी जाहली होती, तें सांगावयाचें होतें. त्यानें बिहरामांस पुसलें, "माझी आई कोठें आहे?" बिहरामांनीं बोटानें चर दाखविला आणि म्हणाले, "ती आमची होती." साम चरापाशीं बसला तो संध्याकाळपावेतों उठला नाहीं. कोणी त्याचे जवळ गेलें नाहीं. तंववर बायकांनीं पखाली उतरविल्या, पोरांस पाजिलें आणि उंट रिकामे करून बांधिले. पाणी घेतलें, त्यास घेतलें नाहीं.

येणेंप्रमाणें साबी गेले. पुढें सहा वर्षांत यहुदी गेले, मग ईसवी गेले, मग दुसऱ्या पंथाचे मुसलमान तलवारीसुद्धां गेले, आणि प्रत्येक खेपेस मागें राहिलेल्यांनीं भाकरी बांधून दिल्या. अखेर एकच पंथ राहिला, तेव्हां त्यांत खरा कोण आणि खोटा कोण याची चौकशी बसली. कहतान अमीर तीस वर्षें राज्य करून बिछान्यावर सुखें वारले, आणि शाहिरांनीं त्यांस न्यायी म्हटलें. ऐकिलें तितकें लिहिलें. यांत अशुद्ध असेल तें लिहिणाराचें. कठोर असेल तें तेथलें. बहुत काय लिहिणें.