पाठ फिरवून उभे राहणारे साळवी

तुमचा पासवर्ड तुम्ही सोडून आणखी किती जणांना ठाऊक आहे? लाजू नका. पोलादपुरातल्या आमच्या शाळेच्या कार्यालयात तर तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला असतो, गॅसवाल्याच्या नंबराशेजारी.

अशा कार्यालयात कॉम्प्युटर सांभाळायला साळवी होते. कोणी पासवर्ड टाकायला बोटं उचलली की हा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. हातात चहा असला तरी. एकदा मुख्याध्यापक स्वतःचा पासवर्ड विसरले आणि आठवत बसले. ते आठवेपर्यंत साळवी भिंतीशी. शिपाई म्हणाला, "सर, तुम्हाला शिक्षा केलीय काय?"

मी तिथे तासिकेवर शिकवतो. शिक्षकांच्या खोलीत साळवींचं पालुपद ठरलेलं. "कॉम्प्युटर तुमचा पासवर्ड ठेवतच नाय. दळतो नि पीठ ठेवतो. त्याला म्हणायचं हॅश. पिठाचा परत दाणा होत नाय. उद्या तुम्ही पासवर्ड टाकलात की तो पुन्हा दळतो नि पीठ जुळतंय का बघतो." इथवर आलं की शिक्षक तासाला पळायचे. ज्यांना तास नसायचा, तेही.

कारकून वंदनाताई तेवढ्या पळत नसत, कारण त्यांचं टेबलच शेजारी.

"गो वंदना, वाघजाई एकदोनतीन? अर्ध्या तालुक्याची वाघजाई नि सगळ्यांचं एकदोनतीन! चोर पीठ उलगडत बसत नाय गो. तो अंदाजाने दाणे घेतो नि दळून बघतो."

"देवी राखते, दादा. तुमचा केवढा आहे?"

"माझा मलाच तीनदा चुकतो."

"मग चोराला कशाला भिता?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर अध्यक्षांच्या पुतणीचे गुण अचानक वाढलेले निघाले. नोंदीतला बदल वंदनाताईंच्या नावाने. पालक ओरडले, आणि संस्थेने गळा धरला वंदनाताईंचा. "पासवर्ड तुमचा, म्हणजे हात तुमचा," अध्यक्ष बैठकीत म्हणाले. अध्यक्षांची पुतणी पास करून वंदनाताईंना काय मिळणार, हे कोणी विचारलं नाही. खालच्या माणसाची चोरी सिद्ध करायला कारण लागत नाही.

साळवी उठले. "साहेब, ते पीठसुद्धा कॉम्प्युटर उघडं ठेवत नाय. पेटीत घालून कुलूप लावतो. नुसती पेटी पळवून काय उपयोग नाय."

"मग झालं तर!"

"पण किल्ली त्याच कॉम्प्युटरात लपवलेली हाय. अख्खं मशीनच कोणी घरी नेलं, तर पेटीही गेली नि किल्लीही. मग निवांत बसायचं नि एकेक देवीचं नाव दळून बघायचं."

सदस्य हसले. "किल्ली घरातच? वा रे तुमचं कुलूप!"

"आणि मशीन कार्यालयातून हललेलं नाही," अध्यक्षांनी बजावलं.

"हललं, साहेब. सुट्टीत तुमच्या भाच्याने नेलं. दुरुस्तीला म्हणून. मी दिलं."

अध्यक्ष उसळले. "नियम सगळ्यांना शिकवता, आणि तुम्हीच दिलंत?"

साळवी शर्टाच्या बटणाशी चाळा करू लागले. "तो आधी माझ्या खोलीवर आला होता. हे सगळं कसं चालतं, विचारलं. मधे उठला नाय. मी चहा टाकला, तर म्हणाला, अजून सांगा. बायको गेल्यापासून माझ्याकडे कोण बसलेलं नाय, साहेब. मी सगळं सांगितलं. किल्ली कुठे असते तेही. वाघजाईचंही."

ज्यांची नोकरी यात जात होती त्या वंदनाताई उठल्या, आपल्यापुढचा पाण्याचा पेला त्यांनी साळवींकडे सरकवला. "बसा, दादा."

आज वंदनाताई निलंबित आहेत. खरं बोलले म्हणून साळवीही. भाचा मोटारीतून बाजारात फिरतो आणि लोक त्याला आधी नमस्कार करतात.

सोमवारी दुपारी शाळेच्या सभागृहात शेवटची चौकशी आहे. पालकांना आत यायला बंदी नाही. आंबेनळी घाटाच्या पायथ्याचे असा की कुडपण गावचे, या. वंदनाताईंना कामावर परत घ्या, अशी मोठ्याने मागणी करा. आणि साळवी बोलायला उभे राहिले, तर त्यांचं बोलून होईपर्यंत कृपा करून उठू नका.